अंधाराचा तास

वाडी, ता. चंदगड
रविवार, १२ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांना,
सा. न. वि. वि.

अक्काआत्याला वाकून नमस्कार. तिने दिलेल्या चटणीच्या डब्याचा तळ दिसायला लागला आहे, हे आधीच सांगून टाकते. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं काय होतं ते दोघांनाही ठाऊक आहे. इथे रेंजसाठी काजूच्या बागेवरच्या खडकावर चढावं लागतं, आणि मी तिथून घसा फोडून ओरडत असते तेव्हा तुमचं कानातलं यंत्र टेबलाच्या खणात झोपलेलं असतं. मागच्या वेळी इतकं बोलून झाल्यावर तुम्ही विचारलंत, की कोण बोलतंय.

शाळा छान आहे. सहावी-सातवी मिळून माझा एकच वर्ग. शनिवारी पोरं दप्तराविना येतात, म्हणजे तो दिवस सगळा आमच्या हातांचा. आम्ही ओढ्याच्या मातीची वाडी केली, भाताच्या खाचरांच्या पायऱ्यांसकट. पायरीच्या सावलीवरून घड्याळ केलं. ते हेडसरांच्या घड्याळापेक्षा बरं चालतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आणि तुमची अंधारी खोली जमली! तुम्ही सांगितलंत तसं पश्चिमेकडच्या खिडक्यांना पोती लावली, फटी शेणामातीनं लिंपल्या, एका खिडकीत पुठ्ठा बसवला आणि त्याला शेंगदाण्याएवढं भोक पाडलं. आधी नुसता अंधार आणि पोरांचं खिदळणं. मग डोळे सरावले आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर बाहेरचं सगळं उतरलं. आभाळ खाली, कुंपण वर, पानं झडलेला पांढरा चाफा बुंधा वर करून लोंबकळतोय. एस.टी. गेली ती चाकं वर करून. सम्राट नावाचं एक वांड पोर आहे, त्यानं शोध लावला की बाकावर उताणं पडून डोकं खाली सोडलं की सगळं सुलट दिसतं. झालं, सगळा वर्ग वटवाघळांसारखा लोंबकळायला लागला. मीसुद्धा.

तेवढ्यात चाफ्याजवळ एक बाई दिसली. हिरवी साडी, उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरलेला, शाळेकडे बघत उभी. मी विचारलं ही कोण, तर कोणाला ओळखता येईना. मग सहावीतली क्रांती, डोकं खाली सोडूनच, अगदी शांतपणे म्हणाली की बाई, ती माझी आई हाय.

क्रांतीची आई, वर्षाराणी, लेक चिमुरडी असतानाच वारली. पोरगी आईच्या आईजवळ, बायडाबाईंजवळ राहते. त्यांच्या सोप्यात मी चहा प्यायले आहे, तो तिच्या हार घातलेल्या फोटोखाली बसूनच.

मी दाराकडे धावले. कडी नेहमीसारखी करकरली. दार पूर्वेला, चाफा पश्चिमेला. इमारतीला वळसा घालून पोचले तर तिथे कोणी नाही, पाणंदीची वाटही रिकामी. शनिवार हा बाजाराचा दिवस, वाडीत म्हाताऱ्यांशिवाय कोणी नसतं. कोणी वाटसरू असेल असं पोरांना सांगितलं आणि स्वतःलाही. पण अण्णा, भिंतीवरच्या माणसाला आवाज नसतो. ते मला अजून खातं आहे. तुम्ही काहीतरी मास्तरी उत्तर लिहा म्हणजे मला झोप लागेल.

माया आहेच, ती लाडवांबरोबर पाठवली तरी पोचते.
तुमची,
मैथिली


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१९ जानेवारी

चि. मैथिलीस,
अ. उ. आ.

अक्कानं तुझं पत्र मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. एकदा तिला ऐकायचं होतं म्हणून आणि एकदा मला कळलंय का ते बघायला. वाचून झाल्यावर ती उठली आणि देवघरातला अंगारा पुडीत बांधून आणला. सोबत पाठवतो आहे. पोटच्या पोरीसारखी वाढवलीय तुला तिनं, फेकू नकोस. पण पोरांना लावूही नकोस.

आता मास्तरी उत्तर. उजेडाला कल्पनाशक्ती नसते. बाहेर जे उभं असेल त्याच्यावर आपटून तो भोकातून आत येतो, सरळ येतो म्हणून चित्र उलटं पडतं. नसलेलं माणूस त्याला आणता येत नाही. बाई दिसली म्हणजे बाई होती. काजूच्या बागेतली मजूर असेल, शाळेत अंधार करून पोरं का ओरडतायत म्हणून बघायला थांबली असेल. तू दार उघडून धावलीस म्हटल्यावर पळणारच. तू धावतेस कशी ते मी पाहिलेलं आहे.

क्रांतीला मात्र जप. तुझी आई गेली तेव्हा तू चांगली कमावती होतीस, तरी स्वयंपाकघराचं दार लोटताना क्षणभर थांबायचीस. मला दिसत होतं. ही तर पोर आहे.

तुझ्या पत्रानं मलाही सुरसुरी आली. मागच्या परड्याकडच्या खोलीची खिडकी मी पुठ्ठ्यानं बंद केली आहे. गल्लीतल्या पोरांना दाखवीन म्हणतो. अक्काचं मत असं की मी कानानं गेलोच होतो, आता डोक्यानंही चाललो.

थंडीत डोक्याला बांधत जा. राग धरलास तरी पत्र धरून ठेवू नकोस.
तुझा,
अण्णा


वाडी
रविवार, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांना,
सा. न. वि. वि.

लाडू पोचले. अंगारा उशाखाली आहे. हसू नका.

ती पुन्हा आली. पुन्हा पुन्हा येते आहे. दर शनिवारी पोरं मागे लागतात, बाई अंधाराचा तास घ्या, आणि एस.टी. गेली की थोड्याच वेळात ती चाफ्यापाशी उभी राहते. साडी वेगळी असते, उभं राहणं तेच. कडी करकरली की नाहीशी. मी आता धावत नाही. खरं सांगू, मला ती तिथे नसलेली बघायची भीती वाटते आणि असलेली बघायचीही.

वाडीचं वागणं त्याहून विचित्र. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर नारळ फोडायला येतील. दोन्ही नाही. पोरांनी घरोघरी सांगितलं आणि सगळी वाडी गप्प झाली. विषय काढला की बायका घागर उचलतात. शाळा समितीचे अध्यक्ष बाळासो एवढे बोलके गृहस्थ, ते मला गाठून म्हणाले की बाई, शिकवा काय शिकवायचं ते, पर त्यो अंधार नगं. कारण विचारलं तर म्हणाले, त्या जागंत काय तरी हाय. पण ते बोलताना त्यांनी चाफ्याकडे पाहिलं नाही, बायडाबाईंच्या घराकडे पाहिलं. बायडाबाई स्वतः येऊन सांगून गेल्या की माझ्या नातीला अंधारात घालू नका.

आणि क्रांती. अण्णा, ती पार बदलली आहे. डबा दुसऱ्याला देऊन टाकते. मधल्या सुट्टीत बंद वर्गात जाऊन भिंतीसमोर बसते. परवा ती शाळेत आली नाही, तर नदीवर घाटाच्या पायरीवर एकटी सापडली, पाय पाण्यात. तिनं सम्राटला सांगून ठेवलं होतं, की आई मेली तेव्हा आज्जी हितंच आंघोळ करून आली, म्हंजे आईकडं जायाची वाट हितनंच आसणार. बुडी मारून बघाय पायजे म्हणाली होती. सम्राट घाबरून माझ्याकडे पळत आला म्हणून. नाहीतर काय झालं असतं ते लिहवत नाही. तिला कडेवर घेऊन वर आणलं, एवढी मोठी मुलगी, आणि मीच रडत होते. ती नाही.

आता तिच्यावर सगळ्यांचा पहारा आहे. अंधाराचा तास मी बंद करणार होते, पण ती म्हणाली की तेवढंच तर दिसतंय, ते काढू नका. मी काय करू? मीच हे भोक पाडलं.

एक गोष्ट लिहायची राहिली. मी तिला म्हटलं, तुला कशावरून वाटतं ती आईच आहे? म्हणाली, उभी तशीच राहती. फक्त एक जुळत नाही. तिची आई डावरी होती, सगळं डाव्या हातानं करायची, आणि भिंतीवरची बाई डोळ्यांवर धरते तो हात उजवा. पण तिनं त्याचंही उत्तर काढलं आहे. म्हणाली, मेल्यावर हात बदलत आसतील.

लवकर लिहा. या वेळी थट्टा नको, नुसती माया चालेल.
तुमची,
मैथिली


कोल्हापूर
१६ फेब्रुवारी

चि. मैथिलीस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाही. चंदगड गाडीचा कंडक्टर कृष्णात माझा विद्यार्थी. त्याला शपथ घालून देतो आहे की तुझ्या हातातच ठेव.

अगं मुली, हात बदलत नाहीत. भिंत बदलते. डोकं खाली सोडून तुम्ही चित्र सुलट करता, पण डावं-उजवं तसंच उलटं राहतं, आरशातल्यासारखं. हे मी तुला सातवीत शिकवलं होतं, तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या त्या सम्राटला चाफ्यापाशी उभा कर, डावा हात वर करायला सांग, आणि आतून पोरांना विचार कोणता हात दिसतो. क्रांतीला पुढच्या बाकावर घे.

भिंतीवरची बाई उजवा हात धरते, म्हणजे बाहेरची बाई डावरी आहे. तिच्या अंगावर ऊन पडतं, तिला डोळ्यांवर हात धरावा लागतो, साडी बदलते, कडी ऐकून तिला पळता येतं. एस.टी.नं येते. यातलं एकही काम मेलेल्या माणसाचं नाही.

पुढचं अक्का सांगते, मी लिहितो. ती म्हणते, मेलेल्या माणसाचं सगळं कसं ठरल्यालं असतंय: जाळलं कुठं, दिवस कुणी घातलं, पितरात पान कोण ठेवतंय. मैथिलीला म्हणावं, त्या आज्जीला इतकंच इचार, लेकीला जाळली कुठं. जिथं मरणाआधीच सुतकाची आंघोळ होती, तसली मेलेली माणसं म्या लई बघितल्यात. असं म्हणून ती उठून गेली आणि पिठाचा डबा उगाच आपटला.

आता माझं. शेजारची पोरं आली, त्यांनी खोलीतला अंधार पाहिला, परड्यामागच्या बोळातून फुटबॉलच्या मॅचला निघालेली आपल्या तालमीची पोरं झेंड्यासकट उलटी चाललेली पाहिली आणि पळाली. मी पुठ्ठा काढला नाही. दुपारी जेवण झालं की मी तिथे जाऊन बसतो. भिंतीवर परडं येतं, धुण्याचा दगड, तार. तुझी आई त्या वेळेला वाळलेले कपडे काढायची. हयातभर मी पोरांना सांगत आलो की उजेडाला नसलेलं माणूस आणता येत नाही, आणि तरी मी बसतो. तिला ऐकायला मला कान लागत नव्हते गं. नुसती दिसली असती तरी चाललं असतं.

हे तुला एवढ्यासाठी लिहितो की त्या पोरीला भिंतीसमोर बसलेली मी इथून बघू शकतो. माझं माणूस येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिचं बाहेर उभं आहे. तिला अंधारात बसू देऊ नकोस.

काय होईल ते कळव. इथे दोन म्हाताऱ्यांचा जीव टांगलेला आहे.
तुझा,
अण्णा


वाडी
रविवार, ६ एप्रिल

तीर्थरूप अण्णांना आणि अक्काआत्याला,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, माफ करा. हातात पेन धरलं की काय आधी लिहू असं व्हायचं.

सम्राटला चाफ्यापाशी उभा केला. तो डावा हात वर करून नाचत होता आणि आत सगळी पोरं ओरडत होती, उजवा, उजवा. क्रांती ओरडली नाही. ती बाकावर उठून बसली. म्हणाली, म्हंजे आई डावरीच हाय. मग म्हणाली, मग ती मेलीच न्हाई. मला ते वाक्य उच्चारावं लागलं नाही, तुमच्या प्रयोगानं तिचं तिलाच दिलं. मी फक्त तिचा हात धरून बसले.

तशीच बायडाबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी आत्याचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. सुपातले हात थांबले. म्हणाल्या, जाळाया मरावं लागतंय बाई. आमी नुस्ती आंघोळ केली.

नवरा वारल्यावर वर्षाराणी क्रांतीला घेऊन माहेरी आली होती. पुढे बेळगावकडच्या एका टेम्पोवाल्याशी तिनं लग्न केलं. जात वेगळी. बायडाबाईंनी भावकीदेखत नदीवर जाऊन जिवंत लेकीच्या नावानं अंघोळ केली, घरी येऊन फोटोला हार घातला, आणि जन्मात तिचं तोंड बघणार नाही अशी शपथ वाहिली. नात ठेवून घेतली आणि तिला सांगितलं, आई मेली. सगळ्या वाडीला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते त्या पोरीला आणि मला. बाळासो अंधाराला भीत नव्हते, भिंतीला भीत होते. बाजाराच्या दिवशी वाडी ओस पडते म्हणून वर्षाराणी त्या दिवशी यायची आणि रस्त्यावरूनच शाळेकडे बघून जायची. आम्ही खिडक्या बंद करायला लागलो तशी ती कुंपणापर्यंत यायला धजली. तिला वाटलं, आता कोणी बघत नाही.

अण्णा, मला इतका संताप आला की सूप उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. मी म्हटलं, तुमची नात नदीवर बुडी मारायला गेली होती, कारण तुम्ही तिथे अंघोळ केलीत. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सूप बाजूला सारलं. पदर तोंडात धरला. नंतर एवढंच म्हणाल्या, की पोरीला काय करायचं ते करू द्या. मी मातूर तोंड बघणार न्हाई. झाली ती आंघोळ झाली.

पुढच्या शनिवारी क्रांती आमच्याबरोबर अंधारात बसली नाही. तिनंच ठरवलं, की सगळी गेली तर आई पळेल, मी एकटी जाते. ती कोपऱ्याआड उभी राहिली, आम्ही आत. वर्षाराणी आली, डोळ्यांवर हात धरला. मग भिंतीच्या कडेनं एक छोटी निळ्या फ्रॉकातली मुलगी उलटी चालत चित्रात आली. बाई पाणंदीकडे वळली. थांबली. मुलगी चालतच राहिली. मग दोघी एकमेकींपाशी आल्या, आणि दोघी मिळून आमच्याकडे येत येत चित्राच्या बाहेर गेल्या. भिंतीवर नुसता चाफा उरला.

मला वाटलं, गेली घेऊन. आणि तेवढ्यात खिडकीखालून, भिंतीच्या बाहेरून, रडण्याचा आवाज आला. सावलीत बसल्या होत्या दोघी, अगदी आमच्या पाठीशी. इतके शनिवार मुकी असलेली बाई हुंदके देत होती आणि क्रांती तिला मोठ्या माणसासारखं सांगत होती, की उगी, उगी. सगळा वर्ग रडला. सम्राट म्हणतो, त्याच्या डोळ्यांत शेण गेलं होतं.

आता दर शनिवारी त्या भेटतात, परतीची गाडी येईपर्यंत. वाडी बघून न बघितल्यासारखं करते. वाडीत यायची मात्र वर्षाराणीची छाती नाही, आणि क्रांती आज्जीला सोडून जायला तयार नाही. म्हणते, आज्जीला कोण हाय.

आणि आता ऐका. एका शनिवारी बायडाबाई शाळेच्या दारात उभ्या. म्हणाल्या, गुडघ्यानं बाजार झेपत न्हाई, पोर काय शिकती ते तरी बघावं. मागच्या बाकावर बसल्या. भिंतीवर वर्षाराणी आली. थोड्या वेळानं अंधारात बाक करकरला. अण्णा, बायडाबाई सम्राटचा खांदा धरून बाकावर आडव्या झाल्या होत्या आणि डोकं खाली सोडलं होतं. अंबाडा सुटून जमिनीला लागला होता.

तास संपल्यावर मला म्हणाल्या, मी कुणाचं तोंड बगितलं न्हाई. भिंतीवर काय बी दिसतंय. तेव्हापासून एकही शनिवार चुकलेला नाही. क्रांतीनं आईला सांगून टाकलं आहे. आता वर्षाराणी डोळ्यांवर हात धरत नाही. ऊन डोळ्यांत जातं, पाणी येतं, तरी हात खाली ठेवून चेहरा खिडकीकडे करून उभी राहते.

आता सुट्टी लागेल. माझ्याकडून काय चुकतंय ते सांगा आणि नाही चुकलं तर तेही सांगा.
तुमची,
मैथिली


कोल्हापूर
२० एप्रिल

चि. मैथिलीस,
अ. उ. आ.

तुझं काही चुकलेलं नाही. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळेलच असं नाही.

तुझं पत्र वाचून झालं आणि दुपारी मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. मागून अक्का आली. नेहमीसारखा दिवा लावून बोंबलेल असं वाटलं, पण दार लोटून माझ्याशेजारी बसली. भिंतीवर तार आली, तारेवर माझाच एक बनियन उलटा. तिनं माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं, की ती यायची न्हाई रे आता. आणि रडली. तुझी आई गेली तेव्हा ही कोरडीच होती. सगळ्यांचं जेवणखाण बघत होती, रडायला सवड कुठली. मग आम्ही दोघांनी मिळून पुठ्ठा काढला. खोलीत इतकी धूळ होती की अक्कानं लगेच झाडू हातात घेतला.

एक काळजी आहे. सुट्टीनंतर तुझ्याकडे आभाळ येईल. तुझ्या चंदगडात ते आलं की दिवाळीपर्यंत हलत नाही. ऊन नसलं की भिंतीवर काही उतरणार नाही. बायडाबाईंना तू काही शिकवायला जाऊ नकोस, त्या तुझ्या आजीच्या वयाच्या. वाटलं तर हे माझं पत्र वाचून दाखव. त्यांना म्हणावं, कोल्हापूरला एक म्हातारा आहे, त्याच्या भिंतीवर कितीही ऊन पडलं तरी कोणी येत नाही.

सुट्टीत घरी ये. अक्का चटणी करते आहे, डोळे तिचे आणि ठसका माझा. आमच्यावर जीव आहे तेवढा तरी घेऊन ये.
तुझा,
अण्णा


वाडी
रविवार, २२ जून

ती. अण्णा आजोबांस,
सा. न. वि. वि.

याचा अर्थ बाईंनी सांगितला. मी क्रांती. आता सातवीत गेले. बाई म्हणाल्या, काल काय झालं ते तूच लिही. चुकलं तर हसू नका.

बाईंनी तुमचं पत्र आज्जीला वाचून दाखवलंतं. आज्जी तांदूळ निवडतच बसली.

काल शनिवार होता. पाऊस लई होता. पोरं म्हणत होती आज कशाला अंधार, पण आज्जी आली म्हणून आम्ही पोती लावली. आज्जी बाकावर झोपली आणि डोकं खाली सोडलं. भिंतीवर काय सुदा आलं न्हाई. नुसता अंधार. कौलावर पावसाचा आवाज. आज्जी वाट बघत तशीच राहिली. तिच्या डोक्यात रक्त उतरलं आसंल. मग तिनं विचारलं की आली न्हाई व्हय ती. बाई म्हणाल्या, आलीय, गाडी मघाशीच गेली, पण ऊन न्हाई त्याला मी काय करू.

आजोबा, मला वाटलं आज्जी आता घरी जाणार. मला रडू यायला लागलं. पण बाक वाजला, आणि आज्जी अंधारात भिंतीला हात लावत लावत खिडकीपाशी गेली. बाई उठल्या पण त्यांनी हात लावला न्हाई. आज्जीनं पुठ्ठा नखानं उचकटला. शेण वाळल्यालं होतं, निघंना. मग दोन्ही हातानं वडला.

उजेड आला तो सगळ्यांच्या डोळ्यांवर. आई चाफ्यापाशी उभी होती, चाफ्याला आता पानं आल्यात. खिडकी उघडल्याली बघून आई घाबरली. आज्जीची शपत मोडंल म्हणून तिनं पटकन छत्री खाली घेतली आणि तोंड झाकलं. छत्रीखाली नुसती साडी दिसत होती, पाय चिखलात.

आज्जी गजांना धरून उभी राहिली. मग एवढ्या मोठ्यांदा वरडली की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबली. म्हणाली, छत्री वर कर की गं, मला दिसंना.

बाकीचं बाई लिहितील. आईचा आणि माझा नमस्कार. आज्जीचा पण, तिनं सांगितलाय. आमच्यावर लोभ करा, आम्ही पण करतो.
तुमची,
क्रांती